आधी शीर, मग हृदय

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं की लगेच दुसरा प्रश्न येतो: घाटावरचं की घाटाखालचं? अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे सरळ दोन भाग केले आहेत. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाट उतरला की पूर्णेचं खोरं लागतं आणि त्याच्या सोबतीनं खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा मिळून सुमारे 900 गावं या पट्ट्यात येतात. वरवर काळीभोर कपाशीची जमीन आणि तिच्या पोटात असं खारं पाणी की त्यात डाळ शिजायची नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणावरून 140 गावांची पाणीपुरवठा योजना करावी लागली ती यामुळेच.

या भागात किडनीचा आजार गावोगावी ठाऊक आहे. लोक पाण्याला दोष देतात आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. मात्र मधुमेह, रक्तदाब आणि अंगदुखीवर वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्या यांनाही सोडून चालणार नाही. कारण कोणतंही असो, पुढची वाट एकच. ‘किडन्या फेल झाल्या, डायलिसिसला बसवलं’, इतक्या दोन वाक्यांत घरचे लोक ती सांगून मोकळे होतात. मग आठवड्यातून दोनदा-तीनदा मशीन, दर वेळी चार-चार तास.

हृदय आणि रक्तवाहिन्या नव्यानं घडवणाऱ्या वैद्यकावर, म्हणजे रिजनरेटिव्ह मेडिसिनवर, लिहायचं असताना मी किडनीपाशी का थांबलो? कारण वाचन जसं वाढत गेलं तसं माझं मत पक्कं होत गेलं, की हे शास्त्र आपल्या जिल्ह्यातल्या पेशंटपर्यंत पोचलंच तर छातीतून नव्हे, हाताच्या शिरेतून पोचेल.

डायलिसिसवरच्या माणसाची बाही वर करून पाहा. मनगटाच्या वर किंवा कोपराच्या आत बोटाएवढी फुगलेली, नागमोडी शीर दिसते. तिच्यावर अलगद बोटं ठेवली तर आत थरथर लागते. सकाळी उठल्याबरोबर ही थरथर तपासायची सवय पेशंटला लावलेली असते. ती थांबली की धावपळ. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. याचं नाव फिस्टुला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रेशिया, सिमिनो आणि अपेल या डॉक्टरांनी 1966 मध्ये ही युक्ती जगापुढे मांडली. हाताची धमनी शेजारच्या शिरेला जोडायची. धमनीचा दाब अंगावर येताच नाजूक शीर काही आठवड्यांत रुंद होते, तिची भिंत जाड होते आणि ती डायलिसिसच्या जाडजूड सुया सोसू लागते.

हे निव्वळ शिवणकाम नाही. शीर स्वतःला नव्यानं घडवते आहे. रिजनरेटिव्ह मेडिसिन हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी डॉक्टर शरीराकडून हे काम करून घेत होते, आणि आज खामगाव-अकोल्याच्या डायलिसिस खोलीत ते रोज चालू असतं.

पण सगळ्यांची शीर तयार होत नाही. मधुमेह्यांची तर अनेकदा नाहीच. बायकांच्या शिरा मुळातच बारीक. एक फिस्टुला बंद पडला, दुसरा केला, तोही गेला, की मानेतून नळी टाकतात आणि जंतुसंसर्गाची टांगती तलवार येते. इथेच कृत्रिम रक्तवाहिनीची गरज निर्माण झाली. आर्थर वुरहिस या अमेरिकन सर्जननं 1952 मध्ये विनिऑन नावाच्या कापडाच्या नळ्या वापरून दाखवल्या. ह्यूस्टनच्या मायकल डीबेकीनं तर डेक्रॉनचं कापड दुकानातून विकत आणून घरच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या. या नळ्या महाधमनीसारख्या मोठ्या वाहिनीत उत्तम चालल्या. बारीक वाहिनीत मात्र रक्त गोठतं, आणि परकी वस्तू म्हणून जंतू तिथे ठाण मांडतात.

मग प्रश्न असा आला: कापडाऐवजी खरीखुरी शीरच वाढवली तर? लॉरा निकलसन या भूलतज्ज्ञ बाईंनी 1999 मध्ये डुकराच्या पेशींपासून प्रयोगशाळेत धमनी वाढवून दाखवली आणि पुढे ह्युमासाइट ही कंपनी काढली. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. अवयवदात्याच्या महाधमनीतल्या स्नायूपेशी विरघळणाऱ्या जाळीच्या नळीवर पेरायच्या. पोषक द्रवात ठेवून त्या नळीला नाडीसारखे हिसके द्यायचे. दोनेक महिन्यांत पेशी कोलॅजनची भिंत उभी करतात आणि जाळी विरून जाते. मग साबणासारख्या द्रावणानं पेशीच धुऊन काढायच्या. उरते ती 6 मिलिमीटर व्यासाची, कुणाच्याच मालकीची नसलेली नळी, म्हणून शरीर तिला परकी म्हणत नाही. विणकर घर बांधून निघून जावेत आणि नवा मालक राहायला यावा, तशा पेशंटच्या स्वतःच्या पेशी हळूहळू तिच्यात वस्तीला येतात.

माणसात पहिल्यांदा ही नळी 2012 मध्ये पोलंडमध्ये बसवली गेली, तीही डायलिसिसच्या पेशंटच्या हातात. युक्रेन युद्धातल्या जखमींवर ती वापरली गेली. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं तिला परवानगी दिली, पण फक्त हातापायाची धमनी तुटलेल्या आणि स्वतःची शीर वापरता न येणाऱ्या प्रौढ जखमींसाठी. नळी फुटण्याच्या किंवा सांधा निसटण्याच्या धोक्याचा ठळक इशाराही सोबत जोडला. सुरुवातीची किंमत 29,500 डॉलर, म्हणजे पंचवीस लाखांच्या घरात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कार्डावर एका कुटुंबाला वर्षाला मिळणाऱ्या पाच लाखांशी ही रक्कम ताडून पाहा. शास्त्र दारात आलं आहे. उंबरठा मात्र फार उंच आहे.

भारताचं स्वतःचं काम पायाच्या रक्तवाहिन्यांवर झालं, आणि त्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. विडी-तंबाखूच्या माणसाच्या पायाचा अंगठा काळा पडतो, रात्रभर ठणकतो, बोट झडतं, शेवटी पाय कापावा लागतो. हा बर्जरचा आजार. लिओ बर्जर यांनी 1908 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. बेंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्स कंपनीनं दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी (स्टेम सेल) वाढवून अशा पेशंटच्या पोटरीत टोचल्या. त्या पेशी स्वतः रक्तवाहिनी होत नाहीत. त्यांच्या स्रावांमुळे आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांना फुटवा येतो. औषध महानियंत्रकांनी 2016 मध्ये या उपचाराला मर्यादित आणि 2020 मध्ये पूर्ण परवानगी दिली. घाटावर काय नि घाटाखाली काय, विडी सुटली नाही तर यातलं काहीच लागू पडणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता हृदय. इथे वाट अवघड होते. शिरेची पेशी वाढते. हृदयाच्या स्नायूची जवळजवळ वाढतच नाही. 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत जादा कार्बन-14 मिसळला, तो सगळ्यांच्या पेशींत उतरला. त्याचा माग काढून स्वीडनच्या फ्रिसेन यांच्या गटानं 2009 मध्ये हिशोब मांडला: पंचविशीत वर्षाला सुमारे 1 टक्का हृदयपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एका मोठ्या झटक्यात अब्जभर पेशी मरू शकतात. हा तोटा असा कधी भरून निघायचा?

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी रक्ताला मुकलेला हृदयस्नायू जगवण्यावर फार पूर्वी डोकं चालवलं होतं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू कप्प्यातलंच रक्त थेट शोषून घेतो, मग माणसाच्या स्नायूला भोकं पाडून तसंच का करू नये? उडवाडिया, किणरे, परुळकर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 1965 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. भोकं बुजत गेली, पण पुढे लेसरवाल्यांनी हीच कल्पना उचलली. याच सेनांनी फेब्रुवारी 1968 मध्ये भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आज झेब्रा माशावर काम चालतं. भारतीय उपखंडातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत सापडणारा हा बोटभर मासा आहे. त्याच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत तो पुन्हा भरून येतो. जखम झाल्यावर माशाचं शरीर कोणते रेणू कामाला लावतं, हे चिन्मय पात्रा यांचा गट शोधतो आहे. जपान आणि जर्मनीत मूळ पेशींपासून बनवलेल्या हृदयस्नायूच्या चकत्या मोजक्या पेशंटांच्या हृदयावर बसवल्या गेल्या आहेत. हे सगळं खरं काम आहे, पण अजून प्रयोगाच्या टप्प्यावरचं.

दुसऱ्या बाजूला बाजार आहे. ‘हृदयात मूळ पेशी टोचा, हृदय नवं करा’ या आश्वासनाचा मोठा आधार हार्वर्डच्या पिएरो आन्वेर्सा यांचं संशोधन होतं. 2018 मध्ये त्यांचे 31 शोधनिबंध मागे घ्यावेत असं हार्वर्डनंच सांगितलं. आपल्याकडे पाच केंद्रांत 250 हृदयविकाराच्या पेशंटांवर अस्थिमज्जेतल्या पेशींची चाचणी झाली आणि 2015 मध्ये निकाल आला: पेशी दिलेल्या आणि न दिलेल्या पेशंटांच्या हृदयाच्या ताकदीत फरक नाही. इतकी स्वच्छ चाचणी आपल्या देशात झाली याचा मला अभिमान वाटतो. निकाल नकारार्थी आहे म्हणून तर अधिकच.

म्हणून आजच्या घडीला बुलढाण्याच्या माणसासाठी हृदय वाचवण्याचा उपाय वेळ हाच आहे. छातीत कळ आली की ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पीत बसायचं नाही. जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढायचा आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळवायचं. मग घाटाखालच्यांना अकोला आहे, घाटावरच्यांना छत्रपती संभाजीनगर. बुलढाण्यात 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथे चोवीस तास अँजिओप्लास्टी होईल अशी मागणी जिल्ह्यानं लावून धरायला हवी.

आणि कुणी हृदयासाठी स्टेम सेलचं पॅकेज पुढे केलं, तर आधी एवढं विचारा: या चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय? चाचणी खरी असेल तर क्रमांक मिळतो, आणि आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा प्रायोगिक उपचाराचे पैसे पेशंटकडून घेता येत नाहीत. क्रमांक न देता पैसे मागितले, तर शेत गहाण टाकू नका. उठून घरी या.