फेरिटिनचा आकडा आणि पांडुरोगाची चिकित्सा

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेला आज प्रयोगशाळेच्या अहवालाची जोड मिळाली आहे. पांडुरोगाचा रुग्ण हिमोग्लोबिनबरोबर बहुधा सीरम फेरिटिनचाही अहवाल घेऊन येतो. नवायस लोह, पुनर्नवा मंडूर यांसारखे कल्प द्यावेत की थांबवावेत, हा निर्णय काही अंशी त्या एका आकड्यावर अवलंबून राहतो. म्हणूनच तो आकडा कसा निघतो व कोठे फसवतो, हे वैद्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

आकडा कसा मिळतो?

फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन होय. चोवीस उपघटकांच्या या पोकळ गोलात सुमारे ४५०० लोह-अणू मावू शकतात. मुख्य साठा यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा येथे असतो. रक्तात त्याचा अल्पांश उतरतो. हा अंश मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम इतकाच असल्याने तो मोजण्यासाठी प्रतिपिंडांचा उपयोग करतात. विकर जोडलेल्या प्रतिपिंडांची ‘एलायझा’ पद्धत १९७१ मध्ये स्टॉकहोम येथे एव्हा एंगवॉल व पीटर पर्लमन यांनी प्रसिद्ध केली.

एलायझा किटमध्ये सामान्यतः ९६ खळग्यांची पट्टिका असते. खळग्याच्या तळाशी फेरिटिनला पकडणारे प्रतिपिंड बसविलेले असतात. त्यात रक्तद्रव घातला की फेरिटिन तेथे चिकटते. त्यावर विकरयुक्त दुसरे प्रतिपिंड बसते. खळगे धुऊन रंगद्रव्य घातले की फेरिटिन जितके अधिक, तितका रंग गडद होतो. ज्ञात मात्रेच्या नमुन्यांशी ताडून आकडा काढला जातो. अर्थात यंत्र लोह मोजत नाही, प्रथिन मोजते. चुकीच्या अर्थाचे मूळ येथेच आहे.

सामान्य दिसणारा आकडा

शरीरात दाह किंवा संसर्ग असता, साठा रिक्त असूनही फेरिटिन वाढते. समजा, आमवाताच्या रुग्णेचे हिमोग्लोबिन ९ आणि फेरिटिन ४५ आले. अहवालाच्या मर्यादेत बसते म्हणून ‘लोह पुरेसे आहे’ असे ठरविल्यास आवश्यक लोहकल्प तिला मिळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेनुसार निरोगी प्रौढांत १५ पेक्षा कमी फेरिटिन हे लोहन्यूनतेचे लक्षण मानतात; दाह वा संसर्ग असता हीच मर्यादा ७० धरतात. म्हणून ज्वर, आमवात किंवा जीर्ण व्याधी असलेल्या रुग्णात सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनची तपासणी सोबत करून घ्यावी.

याउलट, हिमोग्लोबिन कमी, रक्तकण लहान, पण फेरिटिन सामान्य वा वाढलेले आणि दाहाचा पुरावा नाही, अशा वेळी थॅलेसेमियाची शंका घेऊन हिमोग्लोबिनची विशेष तपासणी करावी. साठा भरलेला असताना निव्वळ पांडुता पाहून लोहकल्प चालू ठेवणे रुग्णाच्या यकृताला व हृदयाला हानिकारक ठरू शकते.

बायोटिनचा अडथळा

काही किटमध्ये प्रतिपिंड जोडण्यासाठी बायोटिन-स्ट्रेप्टॅविडिन ही जोडी वापरतात. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असू शकते. प्रौढाची दैनंदिन गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम मानली जाते. हे अतिरिक्त बायोटिन जोडणीत आडवे येते. फेरिटिनसारख्या दोन प्रतिपिंडांच्या चाचणीत त्यामुळे आकडा खोटा कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयी २०१७ मध्ये सावधगिरीची सूचना दिली होती. तेव्हा ‘आणखी कोणत्या गोळ्या घेता?’ हा प्रश्न रुग्णास अवश्य विचारावा.

फार्मसीचालकांसाठी

आपल्या लोहकल्पाची उपयुक्तता तपासणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की चिकित्सेने दाह शमला तर फेरिटिन उतरते. ते कल्पाचे अपयश नव्हे. आधी व नंतरचे नमुने एकाच पद्धतीने, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासावेत आणि दाहाची नोंद सोबत ठेवावी. ‘केवळ संशोधनार्थ’ असा शिक्का असलेल्या किटवर रुग्णाचे निदान करू नये. किटच्या पत्रकातील तापमान व मुदत काटेकोरपणे पाळावी.

आकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्ष कोणत्या परिस्थितीत दिली गेली, हे तपासूनच वैद्याने निर्णय द्यावा.