वैद्यकीय प्रवेश आणि सराव मुलाखत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

यवतमाळ–धामणगाव मार्गावरील बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावात बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आज परदेशातील विद्यापीठांच्या चित्रफिती आणि शहरी शिकवणी वर्गांच्या जाहिराती सारख्याच सहजतेने पाहता येतात, आणि त्यामुळे दोन भिन्न व्यवस्थांचे नियम एकमेकांत मिसळून ‘सराव मुलाखत’ या प्रकाराविषयी काही चुकीच्या समजुती रूढ होतात. सराव मुलाखत म्हणजे प्रत्यक्ष मुलाखतीच्या धर्तीवर, अपरिचित परीक्षकांसमोर, ठरावीक वेळेत घेतलेली रंगीत तालीम होय. ती कोणाला उपयोगी आहे आणि कोणाला नाही, हे प्रवेशाच्या नियमांवरूनच ठरते.

एमबीबीएसच्या प्रवेशासाठी मुलाखत द्यावी लागते, हा यांतील सर्वांत व्यापक गैरसमज आहे. वस्तुस्थिती अशी की राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, 2019 याच्या कलम 14 नुसार पदवीपूर्व वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ ही एकच समान परीक्षा आहे; तिच्या 720 गुणांपैकी एकही गुण बोलण्याच्या कौशल्याला नाही. योग्य उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, आणि त्यातून तयार होणारी गुणवत्ता यादी, एवढ्यावरच जागा ठरते. विदर्भापुरते पाहिले तर यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, कोठेही उमेदवाराला मुलाखतीसाठी बोलावले जात नाही. 1969 मध्ये स्थापन झालेल्या सेवाग्रामच्या संस्थेची पूर्वी स्वतंत्र प्रवेशपरीक्षा होती आणि तीत गांधीविचारावर वेगळी प्रश्नपत्रिका असे; ‘नीट’ आल्यानंतर ती पद्धत बंद झाली. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजही स्वतःच्या निवडपद्धतीसाठी प्रसिद्ध होते, परंतु अल्पसंख्याक संस्थांनाही ‘नीट’ लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2020 मध्ये दिला. उमेदवाराची वृत्ती आणि सेवाभाव पारखण्याची एक वाट त्यामुळे बंद झाली, ही खंत रास्त आहे. मात्र मुलाखतीच्या आडून वशिला आणि देणगी शिरण्याची वाटही त्याचबरोबर अरुंद झाली, हे विसरता येत नाही.

‘काउन्सेलिंग’ म्हणजे समोर बसवून विचारपूस, असाही समज आढळतो. प्रत्यक्षात ती महाविद्यालयांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरून फेरीनिहाय जागावाटप करण्याची प्रक्रिया आहे. राज्याच्या जागांसाठी ती राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, राबवतो, तर अखिल भारतीय कोट्याच्या 15 टक्के जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून भरल्या जातात. खासगी महाविद्यालयातील व्यवस्थापन कोट्याची जागा ‘मुलाखत घेऊन’ मिळवून देतो असे सांगणारा मध्यस्थ भेटला, तर त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे, कारण त्या जागाही ‘नीट’च्या गुणवत्तेनुसारच भराव्या लागतात.

या नियमाला महाराष्ट्रातच एक ठळक अपवाद आहे आणि तो पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा, म्हणजे एएफएमसीचा. तेथे ‘नीट’च्या गुणांवरून निवडक उमेदवारांना पुण्यास बोलावले जाते, आणि मग इंग्रजी भाषा, आकलन, तर्क व विचारशक्ती यांची संगणकीय चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी अशा पायऱ्या पार कराव्या लागतात; अंतिम यादीत मुलाखतीचे गुण धरले जातात. पदवीनंतर सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काम करण्याची बांधिलकी येथे स्वीकारावी लागत असल्याने, ही बांधिलकी उमेदवाराला उमजली आहे का, हा प्रश्न मुलाखतीत स्वाभाविकच महत्त्वाचा ठरतो. सैनिकी परिचर्या सेवेच्या बी.एस्सी. नर्सिंग प्रवेशातही मुलाखतीचा टप्पा आहे. अशा उमेदवारासाठी सराव मुलाखत खरोखर उपयोगाची आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला तर इंग्रजीत सलग दोन-चार वाक्ये न अडखळता बोलण्याची सवय लावण्यासाठी ती अधिकच.

मात्र सराव म्हणजे उत्तरे पाठ करणे, ही समजूत येथे घात करते. ‘डॉक्टर का व्हायचे?’ या प्रश्नाला ‘गरिबांची सेवा करण्यासाठी’ हे उत्तर परीक्षकांनी असंख्य वेळा ऐकलेले असते. त्याउलट सर्पदंश झालेल्या शेतमजुराला आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचण्यास का उशीर होतो, किंवा कपाशीवर फवारणी करताना होणारी विषबाधा कशी टाळता येईल, यावर विचार केलेला यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थी आपल्या परिसराच्या आधारे खरे बोलू शकतो. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. म्हणून सराव घेणाऱ्याने उत्तर सुधारून देण्याऐवजी त्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारावा. गावातील निवृत्त शिक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर किंवा माजी सैनिक हे काम विनामूल्य आणि चांगले करू शकतात. त्यासाठी महागड्या वर्गाची आवश्यकता नाही.

परदेशाचे चित्र वेगळे आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात विकसित झालेल्या ‘बहुविध लघुमुलाखती’च्या पद्धतीत उमेदवार एकापाठोपाठ एक अशा अनेक टेबलांवर जातो, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक आणि वेगळा प्रसंग असतो, आणि एका परीक्षकाच्या पूर्वग्रहाचा परिणाम त्यामुळे विरळ होतो. ब्रिटनमधील बहुतेक वैद्यकीय विद्यालये हीच पद्धत वापरतात. अमेरिकेत पदवी शिक्षणानंतर मुलाखत होते. इंटरनेटवरील बहुतांश सराव-साहित्य या देशांसाठीच तयार झालेले असते. भारतातील विद्यार्थ्याला परदेशी पदवीनंतर मायदेशी वैद्यकीय व्यवसाय करायचा असल्यास ‘नीट’ची पात्रता मात्र चुकत नाही.

मुलाखत नाही म्हणून संवादकौशल्याचीच गरज नाही, हा निष्कर्षही टिकत नाही, कारण एमबीबीएसच्या वार्षिक परीक्षांत तोंडी परीक्षा असते आणि 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचे स्वतंत्र प्रशिक्षण समाविष्ट आहे. ती तयारी प्रवेशानंतर होऊ शकते. कागदपत्रांचे तसे नाही. अधिवास, नॉन-क्रीमीलेअर आणि जातवैधता ही प्रमाणपत्रे वेळेत हाती नसल्यास राखीव जागेवरील हक्क धोक्यात येतो, आणि वैधतेच्या पडताळणीला अनेकदा महिनोनमहिने लागतात; अनुसूचित जमातींसाठी तर पडताळणी समिती वेगळी असते. एएफएमसीचा विचार नसलेल्या, राखीव प्रवर्गातील बाभुळगावच्या कुटुंबाने सराव मुलाखतीच्या शुल्काची चौकशी करण्यापूर्वी बारावीचे वर्ष सुरू होताच वैधतेचा अर्ज दाखल करावा.