पेट्रोल ओढतं कोण?

मंगळवार, दुपारचे साडेतीन. राहुकाळात लिंबाच्या सालीचे दिवे लावायला बंगळुरूतल्या बनशंकरीच्या देवळाकडे गर्दी लोटलेली, कनकपुरा रोड तुंबलेला, आणि त्यात माझी कार्ब्युरेटरची जुनी गाडी गचके खात बंद पडली. टाकीत पेट्रोल होतं. अर्ध्या तासाने इंजिन निवलं, तशी चालूही झाली. मी मनाशी निदान केलं : नळीत वाफ.

आपण म्हणतो, पंप पेट्रोल ओढतो. खरं तर ओढत नाही. या गाड्यांत टाकी मागे, पंप पुढे इंजिनाला चिकटलेला. कॅमशाफ्टवर हलणारा दांडा पंपातला रबरी पडदा खेचतो, आतला दाब घटतो आणि टाकीतल्या पेट्रोलवर बसलेली हवा त्याला नळीतून पुढे ढकलते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच; हवेचा दाब मुंबईपेक्षा दहाएक टक्के कमी. म्हणजे ढकलणाराच अंमळ अशक्त. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात, दाब घटला की त्याच्याही आधी. मग पडदा नुसती वाफच दाबत बसतो. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे सांगायला नको.

गॅरेजात मेकॅनिकने फडकं मागितलं नाही. डिपस्टिक उपसून नाकाशी नेली. ‘डायफ्रॅम होगिदे सार.’ म्हणजे पडदा गेलाय. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. पडद्याला चीर गेली की पेट्रोल इंजिनात झिरपतं, ऑइल पातळ होतं. म्हणजे पंपाबरोबर तेही बदला. फाटक्या पडद्यात वाफ पुढे रेटायची ताकद कुठली? माझं निदान अर्धंच होतं. जुन्या रबराला २० टक्के इथेनॉलचं पेट्रोलही मानवत नाही, तेव्हा नवा पडदा ते सोसणारा हवा.

‘नव्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप बसवू या?’ मी विचारलं. तो टाकीतच बुडालेला असतो, मागून ढकलतो, तेही सुमारे ३ बार दाबाने; वाफेची कटकटच नाही. पण कार्ब्युरेटरला पाव बार पुरतो. ३ बार दिले तर फ्लोटची सुई काय अडवणार? पेट्रोल तापल्या इंजिनावर उतू जायचं.

जुन्या पंपामागे करंगळीएवढ्या जाडीचा काळा ठोकळा निघाला. मी तो कचऱ्यात टाकणार, तोच मेकॅनिकने हात धरला. इंजिनाची धग तो पंपापर्यंत पोचू देत नाही, आणि त्याच्या जाडीवरच दांड्याची चाल ठरते. पुसून, दोन नव्या पॅकिंगांच्या मध्ये त्याने तो परत बसवला. कार्ब्युरेटर कोरडा पडलेला. स्टार्टर बराच वेळ घुरघुरला, मग इंजिनाने पकडलं.