संथ भयकथा आणि प्रेक्षकांचा संयम

रात्रीचे साडेदहा म्हणजे व्यापारी कुटुंबात दिवस मिटण्याची वेळ. दुकान वाढवून झालेले असते, गल्ला जुळलेला असतो, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांत स्वयंपाकघर केव्हाच आवरलेले असते. नेमकी हीच वेळ ‘झी मराठी’ने २२ फेब्रुवारी २०१६ पासून ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेला दिली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील एक जुना वाडा, नाईकांचे मोठे कुटुंब, घरातील कर्ता पुरुष अण्णा यांचे निधन आणि त्यानंतर घडू लागलेले गूढ प्रकार, अशी ही कथा होती. पात्रांच्या तोंडी मालवणी बोली होती. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय किंवा घाटाखाली काय, वऱ्हाडी वळणाच्या मराठीची सवय असलेल्या कानांना तिचे काही शब्द प्रथम अडणे स्वाभाविक होते. तरीही ही मालिका कोकणापुरती उरली नाही. तिच्याविषयी प्रेक्षक जे बोलले, ते एखाद्या मालिकेपुरते मर्यादित नसून भय, संयम आणि घर या तिन्हींविषयी बरेच सांगणारे आहे.

विरोधाचा पहिला सूर

पहिली प्रतिक्रिया विरोधाची होती. कोकण म्हणजे भुताखेतांचा प्रदेश, अशी प्रतिमा या मालिकेमुळे निर्माण होते आणि अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असा आक्षेप खुद्द सिंधुदुर्गातून घेतला गेला. मालिका बंद करावी, अशीही मागणी झाली. या आक्षेपाला एक ताजी पार्श्वभूमी होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. अशा काळात रोज रात्री घराघरांत भुताची गोष्ट पोहोचावी का, हा प्रश्न अनाठायी नव्हता. दुसरीकडे, भयकथा हा मराठी साहित्याचा जुना आणि मान्य प्रकार आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांवर वाचकांच्या पिढ्या पोसल्या आहेत, आणि त्या वाचून कोणी मांत्रिकाच्या दारी गेले असे नव्हे. गोष्ट गोष्ट म्हणून ऐकण्याचा विवेक प्रेक्षकाजवळ असतो, असे मालिकेची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे होते.

मुलांच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद तितका सरळ उरत नाही. मोठ्यांसाठी जो अर्ध्या तासाचा विरंगुळा, तोच लहान मुलांसाठी पुढच्या अख्ख्या रात्रीची धास्ती ठरू शकतो. एकत्र कुटुंबात दूरदर्शन संच बैठकीच्या खोलीत असतो. तेथे वयाप्रमाणे प्रेक्षक वेगळे काढता येत नाहीत. म्हणून मालिका बघावी की नाही, यापेक्षा ती कोणासमवेत बघावी, हा प्रश्न अधिक व्यवहार्य ठरतो.

संथपणा दोन प्रकारचा

दुसरी प्रतिक्रिया अधिक व्यापक होती : मालिका पुढे सरकतच नाही. एखादे पात्र दारापर्यंत चालत जाई, दार करकरे, प्रत्येकाचा चेहरा पाळीपाळीने दिसे आणि भाग संपे. दुसऱ्या दिवशी त्या दाराआड काहीच नसे. अशा वेळी प्रेक्षक ‘मालिकेत पाणी घातले’ असे म्हणतात आणि ते चुकीचे नसते. दैनंदिन मालिकेला आठवड्यात पाच-सहा भाग द्यावे लागतात. प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला प्रसिद्ध होतात आणि ते चांगले असतील तोवर कथा संपवणे वाहिनीला परवडत नाही. लेखकाजवळ चार महिन्यांचे कथानक असेल तर ते आठ महिने पुरवावे लागते. त्या ओढाताणीत शेवट घाईत उरकला जातो. ऑक्टोबर २०१६ मध्ये पहिले पर्व संपले तेव्हा बऱ्याच प्रेक्षकांची तक्रार हीच होती : इतके दिवस ताटकळत ठेवले आणि उलगडा चार दिवसांत आटोपला.

या तक्रारीच्या मुळाशी व्यापाऱ्याला सहज कळेल असा हिशेब आहे. प्रेक्षक रोज आपला अर्धा तास मालिकेला उधारीवर देत असतो. आज उत्तर मिळाले नाही तरी उद्या मिळेल, या भरवशावर ही उधारी चालते. मुदत वाढवून मागणाऱ्यावर राग नसतो. मुदत वाढवूनही रक्कम कमी फेडणाऱ्यावर असतो.

परंतु संथपणाचा दुसरा प्रकारही असतो, आणि तो १४ जानेवारी २०१९ रोजी सुरू झालेल्या दुसऱ्या पर्वात दिसला. हे पर्व कथेने पहिल्याच्या आधीचे. काही दशकांपूर्वीचा तो वाडा, हयात असलेले अण्णा नाईक, सोशीक माई, विसराळू नोकर पांडू आणि अण्णांच्या आयुष्यात आलेली शेवंता. अण्णा मरणार, हे प्रेक्षकांना पहिल्या पर्वापासून ठाऊक होते. म्हणजे रहस्यकथेचे भांडवल असलेला शेवटच आधी उघड झालेला होता. तरीही हे पर्व पहिल्यापेक्षा अधिक गाजले. पुढे काय होणार, ही उत्सुकता संपल्यावर ‘असे कसे झाले’ ही उत्सुकता सुरू होते. एखादे खाते बुडाले हे माहीत असले, तरी ते नेमके कोणत्या नोंदीपासून बिघडू लागले हे पाहण्यासाठी जुन्या वह्या काढाव्याच लागतात, आणि त्या पाहताना पाने भराभर उलटून चालत नाही.

अण्णा दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवतात, धाकाने माणसे दाबतात, वाटेत येणाऱ्यांचा जीव घेतात. आणि ज्यांना संपवले तीच माणसे पुढे त्यांना दिसू लागतात. ही घसरण चार भागांत दाखवली असती तर ती गुन्हेकथा झाली असती. ती महिनोन्‌महिने रेंगाळली म्हणून घरातील प्रत्येक माणसावर तिचा कसा थर चढत गेला हे दिसले. बायकोचे मौन, मुलांचा बुजरेपणा, नोकराची भीती यांना वेळ लागतो. येथील संथपणा कथेच्या गरजेतून आलेला होता. अर्थात याही पर्वात पाणी घातलेले भाग होतेच.

खलनायकाची लोकप्रियता

तिसरी प्रतिक्रिया सर्वांत विचार करायला लावणारी आहे. माधव अभ्यंकर यांनी साकारलेले अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता ही पात्रे घरोघरी लाडकी झाली. अण्णांच्या लकबीची नक्कल झाली, विनोद झाले, आकेरीचा तो वाडा पाहायला पर्यटक जाऊ लागले. पत्नीला छळणारा, जमिनी लाटणारा, खून करणारा माणूस कौतुकाचा विषय व्हावा, हे अनेक ज्येष्ठ प्रेक्षकांना खटकले. श्रेय अभिनयाला आहे, यात शंका नाही. पण पडद्यावर दिमाखात चालणाऱ्या अण्णांकडे पाहताना माईंचे मुकाट दुःख नजरेआड होत असेल, तर त्या कौतुकात काहीतरी हरवते. २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता भुतांच्या रूपाने परतले. पुढे शेवंताच्या भूमिकेत अपूर्वा नेमळेकर यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या. हा बदल कित्येक प्रेक्षकांना पचनी पडला नाही. कथेपेक्षा पात्रांवर जीव जडला होता, हेच त्यावरून दिसले.

याच विषयावरचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपटही येथे आठवतो. पावसाने भिजलेले कोकण, जुना वाडा, आणि सोन्याच्या मुद्रांसाठी पिढ्यान्‌पिढ्या त्याच तळघरात उतरणारी माणसे. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा बेताचाच चालला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई करून गेला. त्याचे रहस्य तोवर जगजाहीर झाले होते. प्रेक्षक परतले ते लोभाची ती गोष्ट मोठ्या पडद्यावर सावकाश पाहण्यासाठी.

दोन्ही कथांत भूत बाहेरून येत नाही. ते घरातल्याच लोभातून, लपवलेल्या कागदांतून, न दिलेल्या वाट्यातून तयार होते. अशा वाड्यांसाठी कोकणात जावे लागत नाही. वाटणीवरून अबोला धरलेली भावंडे, एका सहीवरून वर्षानुवर्षे कोर्टात पडून असलेली जमीन, कुलूप लागून ढासळत चाललेले वडिलोपार्जित घर ही चित्रे विदर्भातही परकी नाहीत. जैन विचारात अतिपरिग्रह हे अधोगतीचे कारण मानले आहे. तेथे कर्माचे फळ द्यायला भुताची गरज पडत नाही.

म्हणून घरात अशी मालिका पाहिली जात असेल, तर ती संपल्यावर पाच मिनिटे संच बंद करून मुलांशी बोलावे. ‘भूत खरे असते का’ हा प्रश्न ती आपणहून विचारतातच. त्याचे उत्तर देऊन झाल्यावर मोठ्यांनी त्यांना एक प्रश्न विचारावा : अण्णांनी कोणती गोष्ट केली नसती, तर त्या घरात सर्वांना शांत झोप लागली असती?