समलिंगी प्रवाशांसाठी स्वागतशील पर्यटनस्थळे : स्वरूप आणि निकष

प्रस्तावना

प्रवासाचा बेत आखताना सर्वसाधारण पर्यटक हवामान, खर्च, वाहतूक आणि निवास यांचा विचार करतो. समलिंगी जोडप्याला मात्र या सर्वांच्या आधी आणखी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. आपले नाते उघड झाले, तर त्या ठिकाणी आपण सुरक्षित राहू का, हा तो प्रश्न होय. पर्यटनविषयक अभ्यासात या वर्गाचा उल्लेख बहुधा खर्चिक ग्राहक म्हणून येतो. त्यामुळे स्वागतशीलता म्हणजे नेमके काय आणि ती कशी पारखावी, हा मूळ मुद्दा बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात कायदा, सेवा आणि स्थानिक समाजजीवन या तीन निकषांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

माहितीच्या साधनांची वाटचाल

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी माहिती बहुतांशी तोंडी मिळत असे. अमेरिकेत बॉब डॅमरन यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास समलिंगी ग्राहकांना सामावून घेणाऱ्या ठिकाणांच्या पत्त्यांची खिशात मावेल अशी पुस्तिका काढली. १९७० मध्ये ‘स्पार्टाकस’ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सुरू झाली. १९८३ मध्ये प्रवास-व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय समलिंगी पर्यटन संघटना स्थापन झाली. ही आरंभीची साधने मुख्यतः पुरुषांसाठी होती. स्त्रियांची गरज निराळी होती, कारण त्यांच्यासाठी समलिंगी असण्याच्या जोडीला स्त्री म्हणून असणारी असुरक्षितताही होती. १९७३ मध्ये स्त्रियांची ध्वनिमुद्रण संस्था म्हणून सुरू झालेल्या ‘ऑलिव्हिया’ने १९९० मध्ये केवळ स्त्रियांसाठी पहिली सागरी सफर काढली, ती या गरजेतूनच. पुरुषांच्या रात्रजीवनासाठी नावाजलेले शहर स्त्रियांनाही तितकेच सोयीचे असेल, असे गृहीत धरता येत नाही.

पहिला निकष : कायदा

आजही जगातील साठाहून अधिक देशांत समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. युगांडाने तर २०२३ मध्ये अधिक कठोर कायदा केला. भारतीय नवविवाहितांच्या आवडीच्या मालदीवमध्येही असे संबंध दंडनीय आहेत. तेथील विश्रामबेटांवर परदेशी पाहुण्यांना सहसा उपद्रव होत नाही, परंतु ही सवलत व्यवहारातील आहे, हक्काची नव्हे.

कायद्याच्या दृष्टीने देशांच्या तीन पायऱ्या मानता येतील : संबंध गुन्हा ठरवणारे, गुन्हा न ठरवणारे, आणि भेदभावापासून संरक्षण किंवा विवाहाला मान्यता देणारे. तिसऱ्या पायरीवर दक्षिण आफ्रिका (१९९६ ची राज्यघटना, २००६ चा विवाह कायदा), नेदरलँड्स (२००१), तैवान (२०१९) आणि थायलंड (२०२५) ही ठळक उदाहरणे होत. भारतीय प्रवाशांना सर्वांत जवळचे उदाहरण नेपाळचे आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये लैंगिक अल्पसंख्याकांच्या समान हक्कांचा निर्णय दिला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये लमजुंग जिल्ह्यात अशा पहिल्या विवाहाची नोंद झाली.

कायद्याची माहिती तारखेसह पाहणे अगत्याचे ठरते. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा मुक्तता दिली. म्हणजे २०१२ मध्ये छापलेली भारताविषयीची माहिती पुढल्याच वर्षी प्रवाशाला गोत्यात आणणारी ठरली असती. याच्या उलट, सिंगापूर व मॉरिशस यांविषयीची २०२२ पूर्वीची माहिती आज अकारण भीती घालते, कारण दोन्हीकडील दंडनीय तरतुदी अनुक्रमे संसदेच्या व न्यायालयाच्या निर्णयाने संपुष्टात आल्या आहेत.

दुसरा निकष : सेवा

कायदा अनुकूल असला तरी स्वागतकक्षातील वर्तन अनुकूल असेलच असे नाही. इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे २००८ मध्ये एका अतिथिगृहाच्या चालकांनी कायदेशीर नागरी भागीदारीत असलेल्या दोन पुरुषांना, आरक्षण असूनही, एक पलंगाची खोली नाकारली. असा भेदभाव तेथे आदल्या वर्षापासूनच बेकायदा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जोडप्याच्या बाजूने अंतिम निर्णय दिला. न्याय मिळाला, पण पाच वर्षांनी मिळालेल्या न्यायाने त्या संध्याकाळची खोली मिळत नाही. म्हणूनच आरक्षणापूर्वी आपण जोडपे आहोत हे स्पष्ट सांगून खोलीविषयी विचारणे आणि उत्तर लेखी घेणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. टाळाटाळीचे उत्तर हेही एक उत्तरच असते.

भारतात २०२३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे येथील जोडप्याकडे नात्याचा कायदेशीर पुरावा नसतो. परगावी अपघात झाला तर जोडीदाराला नातेवाईक मानले जाईल का, हा प्रश्न निवासाइतकाच महत्त्वाचा आहे. प्रवासापूर्वी वैद्यकीय निर्णयासंबंधीचे अधिकारपत्र करून ठेवणे आणि आपत्कालीन संपर्क म्हणून एकमेकांची नावे नोंदवणे या खबरदाऱ्या त्या दृष्टीने उपयुक्त ठरतात.

तिसरा निकष : स्थानिक समाजजीवन

पाहुण्याचे आगत-स्वागत होते, पण घरच्याच माणसाला उंबरठ्याबाहेर ठेवले जाते, अशी विसंगती पर्यटनात वारंवार दिसते. थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाने २०१० च्या दशकात समलिंगी पर्यटकांना उद्देशून खास जाहिरात मोहीम चालवली. त्या काळात थाई समलिंगी नागरिकांना मात्र विवाहाचा हक्क नव्हता; तो जानेवारी २०२५ मध्ये मिळाला.

ग्रीसमधील लेस्बॉस बेटाचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. प्राचीन कवयित्री सॅफो हिचे नाव ज्या इरेसॉस गावाशी जोडले जाते, तेथील किनाऱ्यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून निरनिराळ्या देशांतील समलिंगी स्त्रिया येऊ लागल्या. आरंभी ताणतणाव होते. पुढे तेथे स्त्रियांची उपाहारगृहे व निवास उभे राहिले आणि २००० पासून स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला. तरीही २००८ मध्ये बेटावरील काही रहिवाशांनी ‘लेस्बियन’ या शब्दाच्या समलिंगी स्त्रियांसाठी होणाऱ्या वापराविरुद्ध अथेन्सच्या न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. २०२४ मध्ये ग्रीसने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. यजमान आणि पाहुणे यांच्यातील विश्वास असा दीर्घ सहवासातूनच घडतो. एखाद्या ठिकाणचे समलिंगी नागरिक उघडपणे घर भाड्याने घेतात, नोकरी करतात, संस्था चालवतात, हीच त्या ठिकाणच्या स्वागतशीलतेची सर्वांत भक्कम खूण होय.

निष्कर्ष

वरील तिन्ही निकष क्रमाने लावावेत. कायदा धोका किती आहे ते सांगतो, सेवा दैनंदिन अनुभव ठरवते आणि स्थानिकांचे जीवन त्या दोहोंचा टिकाऊपणा दाखवते. कोणताही एक निकष एकटा पुरेसा नाही. नुसत्या इंद्रधनुषी फलकावर विसंबणे तर सर्वांत धोक्याचे.

महाविद्यालयीन पर्यटन व आतिथ्य व्यवस्थापनाच्या अध्यापनात या विषयाला केवळ बाजारपेठेचा एक घटक म्हणून स्थान देणे अपुरे आहे. उद्या हॉटेलच्या स्वागतकक्षात उभे राहणारे कर्मचारी आजच्या वर्गांतच बसलेले आहेत. दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष एका खोलीची किल्ली मागतील, तेव्हा ती निःसंकोचपणे पुढे करण्याची सहजता त्यांच्या अंगी बाणवणे हे अध्यापनाच्या आवाक्यातील काम आहे. त्याच वर्गांत या प्रवाशांपैकीही काही जण बसलेले असतात, याचेही भान अध्यापकाने ठेवणे आवश्यक आहे.