कोंडलेली पामेला आणि भांडणारे वाचक

डांबून ठेवणाऱ्याच्याच प्रेमात पडणारी नायिका ही काही आजच्या 'डार्क रोमान्स'ची देणगी नाही. १७४० साली लंडनमध्ये सॅम्युएल रिचर्डसनची 'पामेला' ही कादंबरी आली. पंधरा वर्षांच्या मोलकरणीला मालक लिंकनशायरच्या वाड्यात कोंडतो. ती चोरून लिहिते, कागद कपड्यांच्या आत कमरेशी शिवून ठेवते. तेच वाचून मालक विरघळतो आणि चक्क लग्न करतो! वाचक अक्षरशः वेडे झाले. तिच्या प्रसंगांची चित्रं काढलेले हातपंखेसुद्धा विकायला आले. दुसरा गट मात्र खवळला: पोर भोळी नाही, पक्की डावपेची आहे! हेन्री फील्डिंगने १७४१मध्ये 'शामेला' लिहून तिची टर उडवली. मी पामेलाच्याच बाजूची. मालक ते कागद मागतो, तिथे माझा जीव अजून घाबरा होतो.