सातेरीच्या पेटीला मेणकिडा लागतो तेव्हा

परसात किंवा आसपासच्या मळ्यात सातेरी मधमाश्यांची पेटी ठेवली असेल, तर उन्हाळ्यात मेणकिड्यापासून तिला जपा. फुलोरा आटला की माश्या घटतात, रिकाम्या पोळ्यांवर पहारा राहत नाही आणि नेमक्या तिथेच या पतंगाच्या अळ्या मेण पोखरत जाळी विणतात. कीड बळावते ती दुबळ्या वसाहतीत, असं माझं ठाम मत आहे. म्हणून रिकामी पोळी काढून घ्या, पेटीचा तळ खरवडून स्वच्छ ठेवा, सावली-पाणी द्या, टंचाईत साखरेचा पाक पाजा.

मेणकिडाच नव्हे, रोग लागला तरी सरळ औषधच का देऊ नये, असं अनेकांना वाटतं. पण १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या, आणि विषाणूवर प्रतिजैविकं चालतच नाहीत. उलट त्यांचा अंश मधात उतरतो. सातेरी पुन्हा सावरली ती तगून राहिलेल्या वसाहतींमधून. त्यामुळे विभाजनासाठी निरोगी, जोमदार वसाहतच निवडा. मेलिफेरा या युरोपीय मधमाशीचं मात्र वेगळं आहे. व्हरोआ हा परजीवी कोळी मुळात सातेरीवरचा. सातेरी त्याला अंगावरून काढून टाकते, मेलिफेराला ते तितकंसं जमत नाही. तिथे फॉर्मिक आम्लासारखा उपचार लागतोच, तोही मध काढून झाल्यावर. पेटीत काही वेगळं दिसलं, तर फोटोसह जरूर विचारा.